भट्टीवर घातलेला आळ

हे म्हसवडच्या सिद्धनाथा, हे माते जोगेश्वरी! तुमचे लग्न वर्षोवर्षी लागते आणि आम्ही अक्षता टाकून वर्षोवर्षी धन्य होतो. जोडीने कसे नांदावे हे जिने आपल्या संसारातून दाखवले, त्या लेकीची कथा सांगण्यापुरते बळ या वाणीला द्या. ती लेक म्हणजे विट्याजवळच्या गावची विजयमाला.

तिचा नवरा धैर्यशील गलाईवाला. दूर कोईमतूरला त्याचे दुकान. जुने सोने वितळवावे, शुद्ध करावे, आणि वर्षातून एकदा यात्रेला घरी यावे. या गलाईवाल्यांचा एक समज मोठा पक्का. डोळे लाल झाले? भट्टीची उष्णता. डोके दुखले? भट्टीची उष्णता. यंदा धैर्यशील आला तो लघवीला जळजळ घेऊन, कपड्याला डाग घेऊन. आणि दोष पुन्हा त्या बिचाऱ्या भट्टीलाच! आई धोंडुबाईंनी सब्जाचे पाणी सुरू केले. तांब्यावर तांबे रिते झाले, जळजळ मात्र जागची हलेना.

विजयमालेला दुसऱ्या बाळाची आस होती. हे दुखणे त्याच्या आड येईल की काय, म्हणून तिच्या मनात पाल चुकचुकली. घरामागच्या परड्यात शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "आवं, उष्णता असती तर एवढ्या सब्जानं निवली असती."

"भट्टीचं काम हाय ते. तुला न्हाई कळायचं."

"गिऱ्हाईक सोनं आणतंय, शुद्ध हाय म्हणतंय. तुमी मानता व्हय?"

"छ्या! कस लावल्याबिगर?"

"मग सोताचाबी लावा की. तवर माझी वाकळ तुमच्या आईच्या शेजारी."

धैर्यशील हसला, आणि हसता हसता त्याची मान खाली गेली.

ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून तो सांगलीच्या दवाखान्यात गेला. विजयमाला बरोबर होतीच. डॉक्टर प्रमोदिनींनी आधी त्याला एकट्याला विचारले. बाहेर येऊन त्याने बायकोला स्वतःच्या तोंडाने सांगितले, "तिकडं माझं पाऊल घसरलं. निरोधबी वापरला न्हाई."

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "भांडान घरी. आधी औषध."

तपासणीत निघाला लैंगिक संबंधांतून लागणारा संसर्ग, औषधाने पूर्ण बरा होणारा. धैर्यशील चाचरत म्हणाला, "औषध मला द्या, डॉक्टर. हिला कुठं काय झालंय?"

"बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण आजार आत वाढतो, मूल राहणंही अवघड होतं. एकानंच औषध घेतलं, तर दुसऱ्याकडून तो परत येतो."

"आयकलं का?" विजयमाला म्हणाली, "पूजेला जोडीनं बसतो, आन् औषधाला तुमी एकटंच बसणार?"

डॉक्टरही हसल्या. मग त्यांनी बजावले: गोळ्या अर्ध्यात सोडायच्या नाहीत, बरे होईपर्यंत संबंध नाही. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी दोघांचे रक्त आज तपासायचे आणि सांगेन तेव्हा पुन्हा, कारण नवी लागण पहिल्या तपासणीत दिसतेच असे नाही. बरे झाल्यावरही दुसरा निकाल येईपर्यंत दर वेळी निरोध.

भांडण घरी झाले, आणि कडाक्याचे झाले. देवाच्या दारी खोटे कशाला बोलू? पण शेवट विजयमालेनेच केला. "तुमी तिकडं, मी हितं, हे आता बास. चूल तिकडं मांडायची."

निरोध आणायला धैर्यशील लाजू लागला, तशी ती म्हणाली, "तंबाखू चारचौघांत मागता, मग हे मागताना जीभ का अडखळती?" सरकारी दवाखान्यातून तिनेच पाकिटे आणली. धोंडुबाईंनी ती पाहिली आणि सब्जाची बरणी गुपचूप फळीवर सरकवली.

गोळ्या पुऱ्या झाल्या, जळजळ थांबली; रक्ताचा पहिला निकाल निर्मळ होता, दुसराही निर्मळच आला. जोडी म्हसवडला गेली, जोडीनेच नारळ फोडला, पहिल्या लेकराला घेऊन जोडीनेच कोईमतूरला निघाली. तिथे गलाईवाल्यांच्या बायका हळदीकुंकवाला जमतात. वाण हाती देताना विजयमाला अजून सांगते, "बायांनो, जळजळ झाली तर भट्टीला बोल लावू नका. दोघांनी मिळून दवाखाना गाठा."

सिद्धनाथा, जोगेश्वरी माते, या लेकीच्या कुंकवाला तेज द्या, तिच्या धन्याच्या पावलांना वाट द्या, धोंडुबाईंच्या मांडीवर दुसरे नातवंड खेळू द्या. आणि त्या निरपराध भट्टीतला अग्नी सदा सोनेच उजळीत राहू द्या!