पोटातली बिऱ्हाडं

"रिपोर्टात स्वयंपाक करणाऱ्याचं काही येतं का हो, बाई?"

सॅम्पलची बाटली माझ्या टेबलावर ठेवून सुशीला उभीच राहिली होती. मी पेशंटचं नाव लिहून घेत होते. प्रश्न मला आधी कळलाच नाही. तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या हातात काही दोष असला, तर तो यात दिसेल का?"

"आधी बस," मी म्हटलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरला डॉक्टर सामंतांचं नर्सिंग होम होतं, त्याच्या मागच्या खोलीत माझी लॅब. लॅब म्हणजे एक मायक्रोस्कोप, एक इनक्युबेटर आणि लोकांचं रक्त, लघवी, शौच तपासणारी मी. पॅथॉलॉजिस्ट म्हणून बाई बसते हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नसे. मला नर्स समजून ते विचारायचे, डॉक्टर कधी येणार? मी "आलेत" म्हणायचे आणि कामाला लागायचे.

सुशीलाचा नवरा वसंत अंधेरीला एका कंपनीत क्लार्क होता. त्याला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा नवीनच आलेल्या कॅप्सूलनी तो बरा झाला. पण बरा होऊन कामावर जातो न जातो, तोच पोट बिघडलं. दिवसातून कितीदा तरी पातळ शौचाला जायचा. तोंड आलेलं, जीभ लालभडक. पँट कमरेवर राहीना. ऑफिसात रजा उरली नव्हती.

आणि घरात खापर फुटलं सुशीलावर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळीचं नाव काढायचं नाही. सुशीला मालवणची, मासळीवर वाढलेली. लग्न ठरताना तिने मासळी सोडली होती. पण वसंताचं पोट बिघडलं तसं सासूबाईंनी तिला चुलीपासून उठवलं. तुझ्या हाताला गुण नाही, म्हणाल्या.

"आता म्हणतात, याचं पोट थांबलं नाही तर मला मालवणला पोचवणार. परत आणायचं नाही." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

स्लाइड लावली. अमीबा नाही, रक्त नाही, पू नाही. सामंतांना तसं सांगितलं.

"नीट बघा, बाई. मुंबईत पोट बिघडलं की अमीबाच. मी सोमवारपासून इमेटिन सुरू करतोय."

इमेटिन हे तेव्हाचं अमीबावरचं इंजेक्शन. गुणकारी, पण हृदयाला फार जड. वसंत तर जिना चढताना धापा टाकत होता.

"सर, अमीबा नसताना इमेटिन कशाला? मला कल्चर करू द्या."

"करा. पण सोमवारच्या आत."

कल्चर म्हणजे सॅम्पलचा कण जंतूंच्या आवडीच्या खाद्यावर पसरायचा आणि प्लेट इनक्युबेटरच्या उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती उठलेल्या दिसतात. इथे वाचकांना एक सांगायला हवं. आपल्या आतड्यात जंतू असतातच, अगणित असतात, आणि ते असणंच चांगलं. चाळीत जुनी बिऱ्हाडं भरलेली असली की उपऱ्याला खोली मिळत नाही, तसंच हे. निरोगी माणसाची प्लेट दुसऱ्या दिवशी गच्च भरते, आणि वास असा येतो की शेजारचा माणूस उठून जातो.

वसंताची प्लेट जवळपास कोरी निघाली. थोडं काही उगवलं होतं ते यीस्ट, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराच्या जातीतली बुरशी. जुनी बिऱ्हाडं उठून गेली होती आणि खोल्या बळकावल्या होत्या उपऱ्यांनी.

माझा पहिला संशय बाटलीवर. फिनेलने धुतली असणार. सुशीलाला उकळलेली बाटली देऊन दुसरं सॅम्पल मागवलं. पुन्हा तेच. बाटलीवरचा संशय फिटला. वसंताच्या पोटातले जंतू कोणीतरी रोज मारत होतं.

"कॅप्सूल अजून चालू आहेत का गं?"

"नाही बाई. कधीच बंद झाल्या. आता औषध कसलंच नाही."

सामंत म्हणाले, "बघा, औषध नाही म्हणते. मग तुमचं यीस्ट आलं कुठून, आकाशातून?"

"तेच बघायला घरी जाते."

"लॅबवाल्यांनी पेशंटच्या घरी जायचं नसतं."

"रविवारी मी लॅबवाली नसते," मी म्हटलं.

मुलुंडला स्टेशनपासून जरा आत त्यांच्या दोन खोल्या होत्या. सासूबाईंनी पाट मांडला, गूळपाणी दिलं. मी मनात त्यांच्याशी भांडायची तयारी करून गेले होते, पण बाई भांडण्यासारख्या नव्हत्याच. तरुणपणीच नवरा गेलेला. गिरणीत काम करून एकटीने हा मुलगा वाढवलेला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. वसंत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"औषधाचं राहू द्या," मी म्हटलं. "सकाळी उठल्यापासून याच्या पोटात काय काय जातं तेवढं सांगा."

"काय जाणार? मऊ भात. ताक नाय देत, थंड पडतं. बाकी सकाळी देवापुढे दिवा लावला की मधातून चूर्ण. ते मात्र मी माझ्या हातानं देते, एक दिवस चुकवत नाय."

"कसलं चूर्ण?"

त्यांनी देव्हाऱ्याशेजारची बरणी आणली. आत हळदीसारखी पिवळी पूड. चिमटीत घेऊन जिभेला लावली. कडू जहर! तो रंग आणि ती चव मला ओळखीची होती.

"हे कुठून आणलंत?"

"आणलं कुठून? त्या कॅप्सूलाच की. वरचं टरफल जनावराच्या हाडाचं असतं म्हणे. माळकऱ्याच्या घरात ते कसं चालेल? म्हणून मी फोडून पूड काढते, टरफल टाकून देते. ताप उतरला तो ह्याच पुडीनं. मग म्हटलं, ताकद येईपर्यंत चिमूटभर देत राहू. भाचा औषधाच्या दुकानात आहे, तो आणून देतो. पोट जास्त बिघडलं तर दोन चिमट्या देते."

मी सुशीलाकडे पाहिलं. तीही थक्क होऊन बरणीकडे बघत होती. तिच्याही लेखी ते चूर्णच होतं. ती खोटं बोलली नव्हती.

मी सावकाश सांगितलं. हे औषध जंतू मारतं. पण छातीतला वाईट जंतू आणि पोटातला चांगला जंतू असा भेद त्याला कळत नाही. न्यूमोनियात त्याने याला वाचवलं. आता मारायला वाईट कोणी उरलं नाही, तर ते चांगल्यांना मारतंय.

सासूबाईंनी बरणी माझ्याकडून घेतली, झाकण घट्ट लावलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच?"

सुशीला सुटली म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण त्या बाईंचा चेहरा बघून तो झाला नाही. "तुम्ही मायेनं दिलंत," मी म्हटलं. "किती दिवस द्यायचं ते तुम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही, एवढंच. पूड बंद करा आणि ताक सुरू करा. ताजं, गोड ताक."

"ताक कोणी करायचं?" त्यांनी विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता सुनेला म्हणाल्या, "सुशीला, विरजण लाव गं."

इमेटिन टळलं. सामंतांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "मला वाटलंच होतं" असं म्हणाले. वसंत हळूहळू सावरला. पुढच्या सॅम्पलची प्लेट उघडली तेव्हा खोलीत असा वास सुटला की सामंत दारातूनच मागे फिरले. मी मात्र खुशीत होते.

काही महिन्यांनी मुलुंडच्या बाजारात सासूबाई दिसल्या. भाजीवालीशी बोलत होत्या, मी मागे उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "माझा वसंता मरणाच्या दारातून आला," त्या सांगत होत्या. "डॉक्टरांनी हात टेकले होते. माझ्या सुनेच्या हातच्या ताकानं बरा झाला बघ. काय गुण आहे पोरीच्या हाताला!"

पुडीचा उल्लेख नाही. माझा तर नाहीच. शास्त्राच्या दृष्टीने हे अर्धवट होतं, पण मी दुरुस्ती करायला गेले नाही. कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

मात्र पेशंटला "औषध कोणतं घेता?" असं विचारणं मी तेव्हापासून सोडलं. लोक औषध घेतच नसतात. आईने दिलेलं घेतात.