काळ्यापांढऱ्या फोटोला वार्निश

जळगावच्या आमच्या घरी भाकरी पत्रकात गुंडाळली जायची. वडील मजूर संघटनेची पत्रकं छापून आणायचे, उरलेली स्वयंपाकघरात यायची आणि वाफेने शाई सुटून भाकरीवर उमटायची. ‘एकजूट’ हा शब्द मी पहिल्यांदा भाकरीवर उलटा वाचला आणि मग खाल्ला. त्यामुळे शाईला कुणाचा हात लागू नये म्हणून जिवाचं रान करणारी माणसं भेटली तेव्हा मला गंमतच वाटली.

ही माणसं धुळ्यातल्या एका छायाचित्रकार मंडळाची. त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद अखंड चालायचा: काळ्यापांढऱ्या इंकजेट प्रिंटवर कोटिंग मारावं की नाही? चमक नसलेल्या कागदावर काळी शाई काजळीसारखी वरच्यावर बसते. नख लागलं तरी ओरखडा उठतो, पाण्याचा थेंब पडला तरी डाग. वार्निशचा पातळ थर दिला की ती जागेवर राहते. पण सचिवांच्या मते वार्निश म्हणजे कागदाचा अपमान. तो होऊ नये म्हणून ते प्रिंटला पांढरे हातमोजे घालून हात लावत. फोटोतल्या बायांची नावं विचारणं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. ‘कष्टकरी स्त्री एक’, ‘कष्टकरी स्त्री दोन’ यावर त्यांचं भागायचं.

मंडळाचं नवं प्रदर्शन केळीबागांत राबणाऱ्या बायांवर होतं. त्यात मी काढलेला एक फोटो घेतला गेला, भडगावजवळच्या बागेत कामाला जाणाऱ्या एका अक्कांचा. अक्कांनी तो एका अटीवर काढू दिला होता. प्रदर्शन संपलं की फोटो त्यांच्या भिंतीवर आला पाहिजे. त्यांच्याजवळ स्वतःचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा.

“त्यामा मी चोट्टी दिखस,” त्या म्हणाल्या.

या कागदावरची शाई हाताला लागते, जपावं लागेल, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी लुगड्यावरचे काळे डाग पुढे केले. “मंग केळना चीक लावी दे वर. जल्मभर निंघाव नही.” आणि लगेच दम दिला, “पन मना फोटो खराब व्हयना तं तुले सोडाव नही, माय.”

मंडळाने प्रिंट मोठा काढून दिला. काच लावायची नाही, तिच्यात ट्यूबलाइट दिसते, असा सचिवांचा हुकूम होता. म्हणजे वार्निशला पर्याय नव्हता, तेही सचिवांना न सांगता. जळगावात फ्रेमच्या दुकानात गेले. राजस्थानातून आलेल्या घराण्याचं जुनं दुकान. मालकांनी प्रिंट उलगडला आणि चेहरा गंभीर केला.

“कोण गेलं, ताई?”

“कोणी नाही. जिवंत आहेत.”

“मग काळापांढरा कशाला? रंगीत काढा ना! लॅमिनेशन मारून देतो, एकदम चकाचक. फ्रेमसोबत चंदनाचा हार फ्री आहे.”

हार नाकारून मी साधी फ्रेम आणि वार्निशचा स्प्रे घेऊन घरी आले. मे महिना होता. गच्चीवर एका वाया गेलेल्या प्रिंटवर फवारून पाहिलं, तर वार्निश हवेतच वाळलं आणि कागदावर पावडर लावल्यासारखं बसलं. मग घरात कूलरसमोर फवारलं. कूलरच्या ओलाव्याने त्यावर दुधाळ साय धरली. शेवटी पहाटे दारं लावून, कूलर बंद करून, तोंडाला रुमाल बांधून अक्कांच्या फोटोवर एक आडवा आणि एक उभा असे पातळ थर दिले. घामाने जागे झालेले वडील दारात उभे होते.

“आम्ही एवढी पत्रकं काढली, एकालाही वार्निश केलं नाही.”

“म्हणून एकही उरलं नाही, बाबा.”

ते काहीतरी पुटपुटत पंख्याखाली गेले.

उद्घाटनाच्या दिवशी मी अक्कांना घ्यायला धुळ्याच्या बसस्टँडवर गेले. बस उशिरा आली. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. दोन मिनिटांचं मौन चाललं होतं. कुणासाठी ते कळेना, पण मीही उभी राहिले आणि अक्कांनीही डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

मौन संपलं. पुढची रांग खाली बसली आणि मग आम्हाला दिसलं.

समईशेजारी खुर्चीवर अक्कांचा फोटो ठेवला होता. दीपप्रज्वलन म्हटलं की प्रतिमापूजन हवंच, आणि मंडळाकडे प्रतिमा नव्हती. सचिव पाहुण्यांना आणायला फाटकापाशी गेले होते. सूत्रसंचालकांनी भिंतीवरचा सगळ्यात मोठा काळापांढरा फोटो उतरवला आणि बाई वारल्या असणार असं गृहीत धरलं. प्रमुख पाहुण्यांनी कपाळाला कुंकू लावलं, पाणी मारलेला झेंडूचा हार घातला. आता ते माइकवर बोलत होते, “या माउली आज आपल्यात नाहीत...”

“ओ माय! मी मरी गऊ का?” अक्कांचा आवाज हॉलभर गेला.

त्या थेट मंचावर चढल्या. “मी जित्ती शे! आते बसमा हुभी राहीसन उनू!”

अक्कांनी फोटोवरचा हार काढून पाहुण्यांच्या हातात दिला आणि पदराने कुंकू पुसायला घेतलं. तेव्हा सचिव ओरडले, “हात लावू नका! कागद आहे तो!” बाईंचं मरण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. घाबरले ते कागदासाठी.

हाराचं पाणी फोटोवर टपोरे थेंब होऊन उभं होतं, आणि अक्का तर कढई घासावी तशा घासत होत्या. त्यांनी पदर उलटून पाहिला. फक्त लाल. काळं जराही नव्हतं.

सचिवांनी मोबाइलच्या उजेडात प्रिंट तपासला. घासलेल्या जागी चमक आली होती, कपाळाच्या मधोमध, रुपयाएवढी. “पृष्ठभाग गेला,” ते हताशपणे म्हणाले. “आता हा प्रदर्शनात नको.”

“मंग मी लई जास,” अक्का फोटो उचलत म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. “साहेब, हार माले टाका. मी आठेच शे.”

पाहुण्यांनी अक्कांच्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाने गटावर टाकलं: ‘कष्टकरी भगिनीचा हृद्य सत्कार’. त्याखाली लगेच कोटिंगचा वाद पुन्हा सुरू झाला.

फोटो भडगावला अक्कांच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. हार घातलेला फोटो घरात ठेवू नये म्हणून शेजारणींनी टोकलं, तेव्हा कुंकू कसं पुसून टाकलं ते त्यांनी प्रत्येकीला ती चमक बोटाने घासून दाखवलं. ती आता चांगलीच पसरली आहे. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे पाहत त्या म्हणाल्या, “पुढला फोटो रंगीत काढजो, माय. मंग कोनी हार घालाव नही.”

मी काळ्यापांढऱ्यातली खोली, सावल्या वगैरे समजावू लागले. त्या उठल्या आणि आत जाऊन साडी बदलून आल्या. हिरवीगार, लाल काठाची.