उस्तादाचा डावा हात

कत्तलखान्याच्या मागच्या हॉलमध्ये, जिथं मांस हाडांवरून सोडवतात, तिथं त्याला सगळे उस्ताद म्हणत. गाण्याबजावण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सुरी चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून उस्ताद. हुकाला लटकलेली अख्खी मांडी समोर आली की उजव्या हातातली सुरी हाडाला घासत खाली उतरायची, आणि पोलादी जाळीच्या मोज्यातला डावा हात, अंगठा हाडामागे अडकवून, मांस असं काही खेचायचा की सुटताना चर्र आवाज व्हायचा. हॉलमध्ये जीवघेणा गारठा. फरशीवर रक्त, त्यावर गरम पाण्याचा फवारा, पुन्हा रक्त. पहाटे लागलेली पाळी दुपारी संपली की त्याची डावी मूठ लवकर उघडायची नाही. घरी येऊन तो ती कोमट पाण्यात बुडवून बसायचा, आणि तेवढा वेळ घरात कुणी तोंड उघडलेलं त्याला चालत नसे.

माणूस वाईट होता का? खोटं कशाला बोला, तापट होता, आणि तापट हा शब्दही घरच्यांनी लाजेखातर वापरलेला. त्यानं जेवणाची ताटं भिरकावली होती, लाथ घालून दाराची बिजागरी उखडली होती, बायकोचा दंड आवळून काळानिळा केला होता. वर म्हणायचा, "मी काय मुद्दाम करतो? डोक्यात जातं माझ्या." जसं काही डोकं शेजाऱ्याचं होतं.

त्याला एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला खारू म्हणत, तेच नाव चिकटलं. शिक्षण संपल्यावर तिला बालवाडीत नोकरी मिळणार होती. पोरांना गाणी शिकवायची, आणि साथीला युकुलेले वाजवता यायला हवं, ही तिथल्या मोठ्या बाईंची अट. खारूनं कुणाचं तरी जुनं युकुलेले आणलं. चार तारांचं, पोटाशी धरायचं एवढंसं वाद्य, दिसायला खेळणंच. बाकीच्या कॉर्ड, म्हणजे चारही तारा एकदम छेडून निघणारे सूरमेळ, तिला पटापट आल्या. घोडं अडलं ते ई कॉर्डपाशी. त्या अरुंद दांडीवर, आडव्या पट्ट्यांमधल्या चौथ्या घरात, तीन बोटं शेजारी शेजारी कोंबायची, आणि उरलेल्या तारेवर, दोन घरं मागे, पहिलं बोट टेकवायचं. एक बोट जरा कललं की बाजूची तार मुकी होते आणि सुराऐवजी नुसतं थड्‌ वाजतं. भल्याभल्या नवशिक्यांना ती कॉर्ड रडवते.

त्या दुपारी उस्ताद आला तोच डोकं ठणकत. सुपरवायझरनं चारचौघांत त्याला झापलं होतं. तो मूठ पाण्यात घालून बसला, आणि पलीकडून आलं, थड्‌. खारू थांबायची, बोटं सारखी करायची, की पुन्हा थड्‌.

"बंद कर ते!"

"पाचच मिनिटं, बाबा. जमतच आलंय."

थड्‌.

तो उठला. पाण्याचं भांडं लवंडलं. त्यानं युकुलेलेचं पोट धरून हिसका दिला, पण खारूनं दांडी सोडली नाही. तिची बोटं अजून त्या चौथ्या घरातच होती. त्यानं ते तिच्या हातासकट टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा आपटून भागलं नाही, पुन्हा आपटलं. पहिल्या फटक्याला लाकूड फुटलं. दुसऱ्या फटक्याला जो आवाज झाला तो लाकडाचा नव्हता, आणि जन्म हाडांत घालवलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागला नाही.

खारू ओरडली नाही. हात छातीशी घट्ट धरून ती पलंगाखाली शिरली. एवढी मोठी पोरगी, नोकरीला लागायच्या वयाची, पलंगाखाली!

लग्नापासून त्याला 'अहो' म्हणणारी बायको त्या क्षणी 'अरे'वर आली, ती आलीच. "अरे राक्षसा, हात होता तिचा तो! हात!" तिनं लेकीला कसंबसं बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं आणि तिथूनच दोघी परस्पर बहिणीकडे गेल्या.

संध्याकाळी साडू आला. बसडेपोत मेकॅनिक, आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस. उस्तादानं दार उघडलं तसा त्यानं एक शब्द न बोलता तोंडावर ठोसा हाणला. उस्ताद भिंतीवर कोलमडला. साडूनं कॉलर धरून त्याला उभं केलं आणि पुन्हा हाणला. ओठ फाटला, दात हलला, सदऱ्यावर रक्त सांडलं. "मार की आता! लेकीवर चालतो ना हात? मार!" असं ओरडताना साडू स्वतःच रडत होता. उस्तादानं हात उचलला नाही. त्यात चांगुलपणा काही नव्हता. त्याच्या कानात अजून तो दुसरा आवाज होता.

खारूच्या अनामिकेचं हाड मोडलं होतं. बोट जुळलं पण ताठ राहिलं, काही केल्या मधल्या सांध्यात वाकेना. बालवाडीची नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली.

उस्ताद रोज साडूच्या घराखाली, जिन्यापाशी जाऊन उभा राहू लागला. वरून बोलावणं यायचं नाही. त्यानं फळं पाठवली, ती पिशवीसकट जिन्यावरून गडगडत खाली आली. मग तो खालूनच ओरडला, "चुकलं म्हटलं ना माझं! आता काय जीव देऊ?" तेव्हा कुठं बायको चार पायऱ्या खाली उतरली.

"ती काय म्हणते ते ऐक," ती म्हणाली. "ती कॉर्ड तू वाजवायची. ती जी वाजवत होती तीच. स्वच्छ, एकही तार मुकी न होता. तरच ती तुझ्याबरोबर एका खोलीत बसेल. नाहीतर तिला बाप नाही."

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"पोरखेळच आहे ना? मग ये की वाजवून. एवढ्याशा पोरखेळापायी तर हात मोडलास तिचा."

फुटकं युकुलेले पिशवीत घालून तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. दुरुस्तीवाला चष्म्यावरून बघणारा फटकळ गृहस्थ. त्यानं विचारलं, "कशावर आपटलंत?"

"टेबलावर."

दुरुस्तीवाल्यानं दांडीवरचा तपकिरी डाग नखानं खरवडला. "तुमच्या टेबलाला रक्त येतं होय?"

दुरुस्तीवाल्यानं पोट चिकटवून दिलं, नव्या तारा चढवल्या, आणि अंगठा दांडीच्या मागे टेकवून ई कॉर्डची बोटं एकदाच दाखवली, तीही अगदी नाइलाजानं.

आता गंमत बघा. ज्या हाताला उभ्या जन्मात एकच पकड ठाऊक, तो दुसरं काय करणार? उस्तादानं दांडी धरली ती मांडीच्या हाडासारखी. अंगठा वरून पलीकडे अडकवला, मूठ आवळली आणि खेचली. दांडी कुरकुरली, चारही तारा मुक्या. बोटांची टोकं सोलली, तेव्हा पठ्ठ्यानं कामावरचा सुती हातमोजा चढवला, पोलादी जाळीच्या आत घालतात तो. मोज्यातून कसली कॉर्ड वाजतेय, डोंबलाची! थड्‌सुद्धा धड येईना.

मग संताप यायचा. दात करकरायचे, कानशिलं तापायची, शिव्यांची लाखोली सुरू व्हायची. त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, उशी टराटरा फाडली. एका दुपारी तर युकुलेले दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. टेबलाची कड समोरच होती. आणि तो तसाच उभा राहिला. खारू इथंच बसायची. अशीच चुकायची, स्वतःशी हसायची, बोटं सारखी करायची आणि पुन्हा चुकायची. ती काही वेडंवाकडं वाजवत नव्हती, शिकत होती! कॉर्ड अशीच येते, चुकत चुकत, दुसरी वाटच नाही तिला. आणि तेवढ्यासाठी त्यानं तिला फोडून काढलं होतं. त्यानं युकुलेले पलंगावर ठेवलं आणि जमिनीवर बसून गुरासारखा हंबरला. त्याला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की उलटी झाली.

तेव्हापासून तो कामावरही, सुट्टीच्या वेळात, कपडे बदलायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटांआड बसून बोटं बसवायला लागला. बघ्यांना तेवढंच निमित्त. त्याच्याच टेबलावर काम करणारा ढोल्या एकदा आत डोकावला.

"काय उस्ताद, मैफल कधी? लेकीचं बोट झालं मोडून, आता कुणाचं?"

पुढचं वाक्य ढोल्याच्या घशातच राहिलं, कारण घसा उस्तादाच्या डाव्या हातात होता. त्यानं त्याला कपाटावर आदळलं, दार चेपून आत गेलं. अंगठा मागे, बोटं आवळलेली, रोजची ती पकड. ढोल्याचे पाय फरशीवर तडफडले, डोळे पांढरे व्हायला लागले. चौघांनी मिळून उस्तादाला ओढून काढलं. सुटलेला हात त्यानं मग कपाटावरच हाणला, पुन्हा पुन्हा, सोलून रक्त येईपर्यंत. "हा तोडा!" तो ओरडत होता. "कुणीतरी हा हातच तोडा माझा!"

ढोल्यानं पोलिसात जायचं टाळलं, कत्तलखान्यानं मात्र उस्तादाच्या हातची सुरी काढून घेतली आणि त्याला फरशी धुण्यावर टाकलं. हॉलमधला सगळ्यात तयार गडी, तो आता रबरी नळी घेऊन इतरांनी सांडलेलं रक्त गटाराकडे ढकलायला लागला. पोरंसोरं तोंडावर हसायची. हात सुजून भाकरीएवढा झाला होता, त्यामुळे कॉर्ड बंदच. पण सूज उतरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मूठ सैल पडलीय. हूक नाही, जाळी नाही, हाडामागे अंगठा अडकवणं नाही. त्यानं दुरुस्तीवाल्यानं दाखवल्यासारखा अंगठा दांडीच्या मागे, मधोमध, नुसता टेकवला. थड्‌. पुन्हा थड्‌. आठवडे गेले. मग एका दुपारी चारही तारा एकदम बोलल्या. त्यानं पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, वाजवतच बसला, तेव्हा शेजारीण भिंतीवर ठोकून ओरडली, "अहो, पुरे की आता, डोकं उठलं!" उस्तादानं निमूटपणे थांबवलं.

रविवारी तो साडूच्या जिन्यापाशी गेला. या वेळी वर घेतलं. मेहुणीच्या शिवणाच्या खोलीत एक खुर्ची मोकळी करून ठेवली होती. खारू समोरच्या भिंतीला टेकून बसली होती, बायको तिच्याजवळ, साडू दारात. कुणी पाणी विचारलं नाही. उस्तादानं पिशवीतून युकुलेले काढलं, बोटं बसवली आणि ई कॉर्ड वाजवली. चारही तारा स्वच्छ वाजल्या. त्यानं घाबरत वर बघितलं.

"बरं," खारू म्हणाली. "बसा."

मग तिनं शिवणयंत्रामागून दुसरं एक युकुलेले काढलं आणि उलटं धरलं. त्याच्या ताराही उलट्या लावलेल्या होत्या. दांडीवर उजवा हात, आणि ताठ बोटाचा डावा तारा छेडायला. पोरीनं सगळं पहिल्यापासून, दुसऱ्या हातानं शिकायला घेतलं होतं.

"आता मी वाजवते," ती म्हणाली. "तुम्ही हात मांडीखाली घालून बसायचं. मध्ये बोलायचं नाही."

त्यानं हात मांडीखाली घातले. थड्‌. खारू तारांकडे बघतच नव्हती, प्रत्येक ठोक्यागणिक त्याच्या खांद्यांकडे बघत होती. थड्‌. खोटं कशाला बोला, राग आला त्याला. इतकं सगळं होऊन, त्या तसल्या क्षणी, तीच ती ऊब मानेतून वर चढली, आणि त्याची त्याला एवढी भीती वाटली की त्यानं सगळा भार हातांवर टाकला. बोटं बधिर झाली. थड्‌, थड्‌. आणि मग त्याला दिसलं. तिचा अंगठा दांडीवरून वर चढत होता, अगदी त्याच्यासारखा! आनंदानं त्याला भानच राहिलं नाही.

"अगं, अंगठा!" म्हणत तो उठला आणि त्यानं दाखवायला हात पुढे केला.

युकुलेले धाडकन खाली पडलं. खारूनं दोन्ही हात काखांत खुपसले होते, गुडघे तोंडाशी घेतले होते, आणि ती भिंतीत शिरायला जागा शोधत असावी तशी सरकत होती. "नको, बाबा, नको, हा हात नको," ती म्हणत होती. साडूनं मागून झडप घालून उस्तादाचा दंड पिरगाळला, खांद्यात कट्ट झालं, तो गुडघ्यावर आला. "अरे, मी फक्त अंगठा दाखवत होतो रे," तो म्हणाला. पंजा तसाच उघडा, रिकामा, पुढे राहिला होता. बायकोनं खारूला कवेत घेतलं होतं आणि ती त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

बऱ्याच वेळानं साडूनं त्याला सोडलं. उस्ताद दाराकडे गेला. वळायचं धाडस त्याला झालं नाही. "अंगठा वर चढतोय तुझा," तो दाराशीच बोलला. "मागे टेकव. नुसता टेकव, दाबू नको." चपला पायात सरकवत म्हणाला, "पुन्हा येऊ का गं?"

"या," खारू म्हणाली. तिचा आवाज अजून कापत होता, त्यात टोमणा नव्हता. "पण येताना हात बांधून या, बाबा."

पुढच्या रविवारी साडू खाली उतरला तेव्हा उस्ताद जिन्यापाशी उभा होता. युकुलेले आणलं नव्हतं. त्यानं खिशातून जाड कापडाची एक पट्टी काढून साडूला दिली आणि दोन्ही मनगटं जुळवून पुढे धरली.

"घट्ट बांध," तो म्हणाला.