पूर्णेकाठचं पाणी आणि त्यातले जीव

गाडीनं शेगाव मागे टाकलं तेव्हा उजाडत होतं. आकाश फटफटलं होतं, पण जमीन इतकी काळी, की खाली अजून रात्रच रेंगाळते आहे असं वाटावं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या आणि उघड्या शेताला हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी रत्नागिरीकडची, तांबड्या मातीत वाढलेली. जमीन अशी डोळ्यांना थकवा येईपर्यंत सपाट असू शकते, हे मला खरंच माहीत नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जंतुशास्त्राचं काम करत होते. मे महिन्यात अकोला जिल्ह्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उठली आणि आमच्याकडच्या एका नव्या औषधाची मागणी आली. हे औषध म्हणजे जंतूंना खाणारा एक अतिसूक्ष्म जीव. आम्ही त्याला 'जंतुभक्षक' म्हणत असू. काचेच्या कुप्यांत भरलेला तो पातळ रस रोग्याला पाजायचा, आणि पोटातल्या पटकीच्या जंतूंचा त्यानं फडशा पाडायचा, अशी कल्पना. तो प्रत्यक्ष साथीत काय करतो हे पाहायला कोणीतरी जायला हवं होतं. मी हात वर केला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अकोल्याच्या स्टेशनवर डॉक्टर सरोदे उभे होते. उंच, उन्हानं रापलेले, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेले. साथीचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. माझ्या पेट्यांकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वत्सलाबाई, तुम्ही एकट्याच आल्या?"

"या कुप्यांसोबत आले," मी म्हटलं. ते हसले आणि एक पेटी त्यांनी स्वतः उचलली.

दवाखान्यामागची एक खोली मला कामाला मिळाली. पहिल्याच दुपारी फजिती झाली. जंतू वाढवायला माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते, म्हणून मी मुंबईहून उबवणीची पेटी आणली होती. तिचा दिवा लावला, तासाभरानं पाहिलं, तर पेटीपेक्षा खोलीच जास्त तापलेली! शेवटी दिवा विझवला, पेटीभोवती वाळ्याचे पडदे बांधले आणि त्यांवर पाणी मारत बसले. उबवणीची पेटी थंड ठेवण्यासाठी धडपडणारी जगातली पहिली बाई मीच असेन.

"अकोल्यात आलात," डॉक्टर दारातून म्हणाले, "इथं जंतूंनाही सावली शोधावी लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तेल्हाऱ्याच्या वाटेला लागलो. पूर्णा नदीपर्यंत मोटार-लॉरी आणि पलीकडे दमणी (बैलांची हलकी गाडी). पूर्णेच्या पात्रात ठिकठिकाणी डबकी तेवढी उरली होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. इथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. कितीही खोल गेलं तरी खारटपणाच. त्यामुळे गावात एखादी गोड्या पाण्याची विहीर असली की सारं गाव तिच्याभोवती जगतं.

आम्ही गेलो त्या खेड्यात अशी विहीर गिरजाबाईंची होती. जातीनं माळी, भाजीपाल्याचा मळा, नवरा वारलेला. मुलगा नामदेव आणि धाकटी जाऊ कासाबाई यांच्या साथीनं त्या मळा सांभाळत. विहिरीवर गावातल्या बायका पाणी भरत आणि शेजारच्या दगडावर धुणंही धूत. रोग्यांची धुणीसुद्धा. डॉक्टरांनी विहिरीत टाकायला जंतू मारणारं लाल औषध आणलं होतं. गिरजाबाई काठावर आडव्या उभ्या राहिल्या.

"लाल पान्यानं माह्या वांग्याची मुळं जळतीन. अन् गाव काय पीन? तुमच्या कुप्या पाजा ना लोकायले, माही हीर काहून रंगवता?"

पुण्यामुंबईच्या कानाला हे भांडण वाटावं. पण ते भांडण नव्हतं, कारण लगेच त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि मूठभर हिरवागार सांबार (आपली कोथिंबीर). डॉक्टरांनी हळूच सांगितलं, की साथीत कच्चं काही खायचं नाही.

"सांबार उकळून खाते का कोनी, बाप्पा?" गिरजाबाईंनी विचारलं. मी ताटातला सांबार एकेक पान करून बाजूला काढला आणि जन्माचं पाप केल्यासारखं भरीत खाल्लं. इतकं चवदार भरीत पुन्हा मिळालं नाही.

सुट्टीमुळे शाळा रिकामी होती, तिथं रोगी ठेवले होते. पटकीत माणूस डोळ्यांदेखत वाळतो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतते. डॉक्टर शिरेतून मिठाचं पाणी देत, मी कुप्या पाजत असे. पहिले काही रोगी दोन दिवसांत उठून बसले. मी त्यांचे नमुने अकोल्याला नेऊन पाहिले. काचेच्या बशीत मांसरसाचा थिजवलेला थर असतो. त्यावर पटकीचे जंतू सायीसारखे पसरले होते, आणि आमच्या रसाचा थेंब जिथं पडला होता तिथं साय नाहीशी होऊन स्वच्छ, नितळ वर्तुळ उमटलं होतं. जणू कोणीतरी तेवढीच जागा पुसून घेतली होती. मी ते वर्तुळ कितीतरी वेळ पाहत राहिले.

परत गेले तर गावात माझं नाव 'कुपीवाली डागदरीन' पडलं होतं. मला ते आवडलं, हे कबूल करते.

तो आनंद टिकला नाही. एका सकाळी नामदेवला आणि कासाबाईला एकदमच उलट्या-जुलाब सुरू झाले. मी दोघांनाही कुप्या पाजल्या, पुन्हा पाजल्या. काही फरक पडेना. डॉक्टरांनी दोघांच्याही शिरेत मिठाचं पाणी सोडलं. गिरजाबाई मुलाच्या उशाशी बसून ती नळी बघत होत्या.

"काय घालून राहिले त्याच्या रगतात?"

"मिठाचं पाणी," डॉक्टर म्हणाले.

"खारं पानी?" त्यांचा विश्वास बसेना. "जलम गेला आमचा खाऱ्या पान्याले शिव्या देन्यात. अन् तुमी तेच माह्या लेकाले देऊन राहिले?"

"अंगातलं तेच निघून चाललंय, बाई. तेच भरावं लागतं."

नामदेवची नाडी संध्याकाळपर्यंत हाताला लागू लागली. कासाबाईची लागली नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली. गिरजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी जावेच्या कपाळावरचे केस नीट केले आणि माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "बाकीचे वाचले. हिलेच काहून नाही लागू पडलं तुमचं औषध?"

दोघांचे नमुने, विहिरीचं पाणी, सगळं घेऊन मी अकोल्याला निघाले.

बशी तयार व्हायला एक दिवस लागला. उघडून उजेडात धरली. साय अखंड होती. आमच्या रसाचा थेंब जिथं टाकला होता तिथं वर्तुळाचा पत्ताच नव्हता. मग मी पहिल्या रोग्यांच्या जुन्या बश्या काढल्या. त्या नितळ वर्तुळांच्या आत आता बारीक ठिपके उगवले होते. लाखो मेले होते, पण थोडे तगले होते, आणि त्यांच्यापासून नवी पिढी वाढत होती. आमच्या भक्षकाला न जुमानणारी. असं होऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातलं वाक्य माणसाचा जीव घेऊन समोर उभं राहिलं, की ते वेगळंच दिसतं. नामदेव आणि कासाबाई यांच्या पोटात हेच निर्ढावलेले जंतू होते. आणि विहिरीच्या पाण्यातही तेच. धुण्याच्या दगडावरून ते परत विहिरीत उतरले होते.

भीती वाटली, आणि त्या भीतीतच एक विलक्षण आदर होता. डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा जीवानं चार दिवसांत आमच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीतून वाट काढली होती.

नामदेव सावरल्यावर डॉक्टरही अकोल्याला आले. सगळं ऐकून म्हणाले, "मग आता?"

"या जंतूंना खाणाराही कुठंतरी असेल," मी म्हटलं. "जिथं हे जंतू सगळ्यात जास्त, तिथंच तो असणार."

"म्हणजे सगळ्यात घाणेरड्या पाण्यात."

"हो."

गावाखालच्या नाल्यात एक डबकं होतं. गावाची सगळी घाण, शाळेतल्या रोग्यांचं धुतलेलं पाणी, सारं वाहून तिथं साचत असे. वर हिरवट साय, कडेला गुरांच्या खुरांचे ठसे. डॉक्टरांनी काठी टेकून माझा तोल सावरला आणि मी वाकून बाटली भरली. अकोल्याला ते पाणी चिनीमातीच्या गाळणीतून गाळलं. या गाळणीतून जंतू पार होत नाहीत, त्यांचे भक्षक तेवढे होतात. गाळलेलं पाणी त्या निर्ढावलेल्या जंतूंच्या सोबत ठेवलं, पुन्हा गाळलं आणि ताज्या बशीवर थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारून बशी पाहिली. सायीच्या मधोमध नितळ वर्तुळ होतं. खिडकीतलं ऊन त्यातून आरपार माझ्या तळहातावर पडलं होतं. मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले, पाहिलं, डोक्याचा रुमाल काढला आणि स्टुलावर बसले. ज्या डबक्यात माणसं मारणारे जंतू साचत, त्याच डबक्यात त्यांचा वैरी आधीपासून तयार होता, आणि कोणाला पत्ता नव्हता.

नवा रस घेऊन आम्ही गावात पोचलो तोवर नामदेव भिंतीला टेकून पेज पीत होता. त्याला वाचवलं ते मिठाच्या पाण्यानं. पुढच्या रोग्यांना मी नवा रस दिला, डॉक्टरांनी मिठाचं पाणी दिलं, आणि बहुतेक वाचले. त्यांतलं श्रेय कशाचं किती, हे मी तेव्हा सांगू शकले नाही आणि आजही सांगू शकत नाही.

गिरजाबाई आपणहून शाळेत आल्या. "तुमी काय पायता त्या नळीतून, मले दाखवा," म्हणाल्या. या खेपेला सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी त्यांच्या विहिरीतून वाढवलेल्या जंतूंचा थेंब ठेवला. त्यांनी एक डोळा हातानं झाकला, वाकल्या. स्वल्पविरामासारखे वाकडे जीव त्या थेंबात माशांच्या पिलांसारखे सुळसुळत होते.

"हे माह्या हिरीतले?"

"हो."

"जित्ते हायेत?"

"हो."

त्या किती वेळ बघत राहिल्या. "कासा हेच प्याली," त्या स्वतःशीच बोलल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "अन् तुमचे ते खानारे? ते दाखवा."

"ते या नळीतूनही दिसत नाहीत, गिरजाबाई. इतके लहान. त्यांनी खाल्लेली जागा तेवढी दिसते." मी अकोल्याहून आणलेल्या बशीतलं वर्तुळ दाखवलं.

त्यांनी ते निरखलं. "दिसत नाही, पन केलेलं दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "मंग ते देवावानीच झालं व माय."

मी बशीवर झाकण ठेवलं.

त्याच दुपारी त्यांनी लाल औषधाची बादली स्वतः दोरानं विहिरीत सोडली. धुण्याचा दगड नामदेवच्या मित्रांकडून उखडून नाल्यापलीकडे टाकवला. ज्या बायका कुरकुरल्या त्यांना म्हणाल्या, "मी पाह्यलं हाय. तुमाले पाहाचं असंन तं जा शाळेत." दोन दिवस शाळेसमोर रांग लागली होती. त्यानंतर गावात नवा रोगी आला नाही. वांग्यांनाही काही झालं नाही.

परतताना उरलेल्या कुप्या अमरावतीच्या दवाखान्यात पोचवायच्या होत्या. बडनेऱ्याला गाडी बदलून गेले. तिथले वृद्ध डॉक्टर शांतपणे सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हा नवा रस किती दिवस चालेल, बाई?"

"जंतू शिकेपर्यंत," मी म्हटलं.

मुंबईला पोचल्यावर मी तेच जंतू आणि तोच नवा भक्षक एका बशीत पुन्हा लावून ठेवले. आठवडा गेला. एका सकाळी नितळ वर्तुळाच्या आत बारीक ठिपके उगवलेले दिसले. शिकले होते.

मला हरल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. माणसानं औषध शोधावं, जंतूनं त्यातून वाट काढावी, पुन्हा माणसानं शोधावं, हे आपल्या हयातीत संपणार नाही, हे मला त्या बशीनं सांगितलं. पण दगड उखडून स्वच्छ ठेवलेल्या विहिरीविरुद्ध काय करायचं, हे कुठल्याही जंतूला अजून शिकता आलेलं नाही. पटकीवरचं सगळ्यात टिकाऊ औषध मी वऱ्हाडात पाहिलं, आणि ते एका माळणीनं स्वतःच्या हातानं विहिरीत सोडलं होतं.

त्या संध्याकाळी चालतच घरी निघाले. वाटेत उघडं गटार होतं, काळं आणि संथ. त्यात या क्षणी कोण कोणाला गिळत असेल, कोण कोणापासून सुटत असेल, याचा विचार करत मी त्याच्या कडेनं गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी नाकाला पदर लावला नाही.