कोरी डिस्क घेऊन मुलुंड ते मरोळ

हल्ली जो तो लडाखला जाऊन येतो आणि ब्लॉग लिहितो. मी लडाखला गेलेले नाही. पण ऐंशीच्या दशकात एकदा मुलुंडहून मरोळला गेले होते, आणि तेवढ्यात माझी पुरती वाट लागली होती.

निमित्त माझंच. एका कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते, तीही टेंपररी. कॉम्प्युटर म्हणजे दोन कपाटांएवढं धूड. एका सकाळी जुन्या फाइली पुसता पुसता मी त्याच्या पोटातली अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच पुसली. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या यंत्राची सिस्टीम वेगळी, एकाची दुसऱ्याला चालायची नाही. आमच्यासारखं यंत्र जवळपास फक्त मरोळच्या एका ऑफिसात होतं. साहेब म्हणाले, "कोरी डिस्क घेऊन जा, सिस्टीम भरून आण. उद्या मशीन चालू झालं तर तुझ्या परमनंटच्या कागदावर सही करतो." नाही झालं तर काय, हे मी विचारलं नाही.

डिस्क म्हणजे केकच्या डब्याएवढं प्रकरण, वर पारदर्शक झाकण. आमच्याकडे अशा दोन होत्या. एकीवर स्टोअरच्या सगळ्या नोंदी, दुसरी कोरी. नोंदींची दुसरी प्रत करायची म्हणूनच कोरी आणली होती, आणि मी ते आज-उद्या करत राहिले होते. झाकणावर ‘कोरी’ लिहिलेली डिस्क उचलली आणि निघाले. सोबतीला कदममामा, आमचे शिपाई, मूळचे मालवणचे.

जायचं असेल तर रिक्षाच करा. घाटकोपरपर्यंत सरळ, मग असल्फा, साकीनाका. आम्हाला बावीस रुपये पडले. आमच्या रिक्षात सीटमागे हे मोठे स्पीकर. त्यांच्यात लोहचुंबक असतं आणि डिस्कचं त्याच्याशी वाकडं, हे मला ठाऊक होतं. पण कोऱ्या पाटीला कसली भीती? दिली ठेवून स्पीकरवर. घाटकोपरला वडे घेतले, झकास, चटणी मात्र जपून खा. डिस्क मांडीवर घेतली आणि तिच्या झाकणावरच पुडा सोडला. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी विचारलं, "वाढदिवस कुणाचा गं?"

"हिचाच," मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मरोळला परेरा नावाचे ऑपरेटर होते. आधी चपला काढायला लावल्या, मग तेलकट झाकण बघून नाक मुरडलं. बाहेरून आलेली डिस्क एसीत तासभर थंड करावी लागते. तेवढ्यात आम्ही चहा घेऊन आलो. परेरांनी डिस्क यंत्रात बसवली.

"पुसू ना?"

"पुसा की," मी म्हटलं.

"थांब. पुसायच्या आधी बघायची आपली सवय हाय." त्यांनी यादी काढली आणि माझ्याकडे वळले. "कोरी कुठली, बाई? हिच्यात नटबोल्ट भरलेत सगळे."

 स्टोअरच्या नोंदी! मी रडायलाच लागले, लाज वगैरे काही वाटली नाही. परेरांनी एकेक फाइल उघडून दाखवली. स्पीकर पचवूनही सगळ्या शाबूत होत्या. मग त्यांनी स्वतःची एक डिस्क काढून तिच्यावर सिस्टीम भरून दिली.

जिन्यात मामा हळूच म्हणाले, "गो बाय, हापिसातल्या सत्यनारायणाच्या दिवशी शिऱ्याक मुंग्यो लागतीत म्हणान ती झाकणां मी घेतलंय. परत ठेवताना उलटीपालटी झाली असतीत. माका रिटायर होऊक सा म्हयने रवले गो."

परतीला स्पीकर नसलेली रिक्षा मिळेपर्यंत चार सोडल्या. दोन्ही डिस्क मांडीवर. "भाऊ, हळू," असं मी साकीनाक्यापर्यंत इतक्यांदा म्हटलं की तो म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवा ना." वड्यांसाठी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन चालू झालं. साहेबांनी सही करता करता विचारलं, "प्रवासात काही त्रास?" मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"साकीनाक्याला खड्डे फार, सर," मी म्हटलं.

घरी आईने परमनंटचा कागद देवापुढे ठेवला. मी स्वयंपाकघरात गेले. आईच्या सगळ्या डब्यांची नावं झाकणांवर होती. जेवायच्या आधी बसून सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि डब्यांवर चिकटवल्या. माझ्या घरी आजही तशाच असतात. सून हसते. हसू दे.