दर्यापूरच्या बंद जिनिंगमधला हार

परवा गजूच्या अंगावर घातलेले हार त्याच्याच दुकानातले होते.

हार्ट अटॅक. सकाळी टेम्पोतून फुलं उतरवताना. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दोन दिवस फोनवर तेच तेच सांगून थकलो. म्हणून इथे एकदाच लिहितो.

अमरावतीत गजूचं फुलांचं दुकान, घरचाच झेंडू. मी अकोल्याचा. दोस्ती कॉलेजपासूनची. थंडीत रविवारी तो सेकंडहँड कॅमेरा घेऊन बंद पडलेल्या जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, शोधायचा. मला फोटोतलं काही कळत नाही. मी गाडी चालवायचो.

मागच्या थंडीत दर्यापूरकडच्या एका जिनिंगमध्ये शिरलो.
फुटक्या पत्र्यातून ऊन येत होतं. कोळ्याच्या जाळ्यांना अजून कापूस चिकटलेला. मशीनवर कबुतरांची घाण.

गजू बराच वेळ फोटो काढत होता. मग म्हणाला, सगळंच राखाडी येतंय, कुठंतरी रंग पाहिजे.
डिकीत एका गिऱ्हाइकाचा झेंडूचा हार होता. तो त्याने मशीनला घातला.

फोटो खरंच छान आला. चहाच्या टपरीवरूनच त्याने स्टेटसला टाकला. गावाचं नाव, खाली दुकानाचं नाव आणि नंबर.

आमच्याकडे जिनिंगच्या मशीनला हार पडतो तो दसऱ्याला, नाहीतर सिझनच्या मुहूर्ताला.
दसरा तर होऊन गेला होता.
फुलवाल्याच्या हे लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

दुसऱ्या दिवशी त्याला शांताबाईचा फोन आला. ती त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची. फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता. मुहूर्त झाला तर आम्हाला का नाही बोलावलं, असं विचारत होती. तिच्यासोबत कामाला असलेल्या बाया डबे घेऊन गेटवर येऊन बसल्या होत्या.

मी म्हटलं, फोनवरच सांग आणि स्टेटस काढून टाक.

स्टेटस त्याने काढला. पण म्हणाला, "फोनवर नाई. त्या माह्यामुळं बसून राहिल्या तिथं. मले जा लागते."

गेलो. त्याने हात जोडून खरं काय ते सांगितलं.
मग शांताबाई म्हणाली,
"मेल्या मशीनले हार घालतं, अन् आमी जित्या बाया घरी बसून राहिलो. तुले दिसलो नाई काय रे आमी?"

मागून दुसरी म्हणाली, "फोटोवाला हाये बाई तो. त्याले रिकामंच दिसते."

बाया हसल्या. गजू नाही हसला.
मग त्यांनी तिथेच डबे सोडले. आम्हालाही भाकर दिली.

तेव्हापासून तो चालू जिनिंगमध्येही जायला लागला. कॅमेरा गाडीतच ठेवून. बाया पाहिजेत का, एवढंच विचारायचा. बहुतेक ठिकाणी नाहीच. आता कचराही मशीनच काढते, म्हणायचे.
मी कंटाळलो होतो. तो नाही.

या सिझनला अकोल्याकडच्या एका जिनिंगने हो म्हटलं. ने-आण करायला गाडी पण देतो म्हणाले.
गजू म्हणाला, रविवारी जाऊन सांगू.

आज रविवार.

सकाळी एकटाच शांताबाईकडे गेलो. आधी कामाचं सांगितलं. शांताबाईने माझ्या मागे पाहिलं आणि फोटोवाला कुठं हाये, विचारलं.
सांगितलं.

ती ओट्यावर बसली. मग गाडी कधी येईल, विचारलं.
मी म्हटलं, उद्या सकाळी.

"उद्या नाई," ती म्हणाली. "परवापासून येतो आमी. उद्या त्याच्या घरी जाऊन येतो साऱ्याजणी."

तिथूनच त्या जिनिंगच्या मॅनेजरला फोन केला. तो बरं म्हणाला.

काही जणांनी तो हाराचा फोटो मागितला आहे. माझ्याकडे आहे. पण त्याने काढून टाकला होता, त्यामुळे मीही टाकणार नाही.

गजू, त्यांना सांगितलं. समोर जाऊनच सांगितलं.
जा आता निवांत.