दगडाच्या वर पाणी येणार नाही

“आबा, इथं नका बांधू. आणखी वर चढा,” मी म्हटलं.

सुकलाल आबा हसले. धरणात जाणाऱ्या जुन्या घराचे सागवानी खांब त्यांनी गाडीतून आणून टाकले होते. चुना फासलेला सरकारी दगड तिथून दिसत होता.

“भाऊ, दगड सरकारनी गाडेल शे. त्याना वरच बांधी ऱ्हायनू मी. आते इंग्रज थोडाच शेतस! सरकार आपलंच शे ना?”

मी धरणग्रस्तांच्या समितीचा कार्यकर्ता. त्याआधी ओव्हरसियरचा कोर्स केलेला, म्हणून मला खटकलं. धरण भरल्यावर पाणी जिथवर येणार, तिथे इंजिनिअर दगड रोवतात. ही रेषा सपाट पाण्याची. पण नदी जिथे धरणात शिरते तिथे पुरात पाणी सपाट राहत नाही. पुढे साचलेलं, मागून लोंढा, ते चढतं. याला बॅकवॉटर म्हणतात. आमचं गाव नेमकं तिथे.

धुळ्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी आमचं पत्रक उलटंसुलटं केलं.

“हे तुम्हीच लिहिता? भाषा फार तिखट हो.”

“साहेब, दगड रोवताना बॅकवॉटर हिशेबात धरलंय का?”

“ते सगळं धरलेलं असतं. लोकांना घाबरवू नका. गव्हर्नमेंटवर विश्वास ठेवायला शिकवा.”

मी आणखी तिखट पत्रक काढलं. आबांना वाचता येत नव्हतं. दगड मात्र दिसत होता.

पहिल्याच मोठ्या पुरात पाणी दगडाला लागलं. शेजारपाजारचे टेकडीकडे निघाले. आबांची बायको रुखमाअक्का गाठोडं घेऊन नव्या घराच्या दारात आल्या.

“बस वं मझार,” आबांनी त्यांना आतच बसायला सांगितलं. “दगडना पुढे पानी नही येवाव.” आणि ते म्हशी सोडायला गेले.

धाब्याचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर मातीचंच जड छप्पर. पाणी दगड ओलांडून आलं, भिंती खालून विरघळल्या, धाबं बसलं. अक्का आत होत्या.

पंचनाम्यात मृत्यूचं कारण लिहिलं, अतिवृष्टी.

“ती निंघेल व्हती रे भाऊ,” आबा मला म्हणाले. “मीच बसाडं तिले.”

सरकारबद्दल त्यांनी एक वाईट शब्द काढला नाही. मला तेच सहन होईना. मरायचं यांनी, आणि दोषही यांनीच घ्यायचा! आबा आता शिरपूरला मुलीकडे असतात.

पाणी ओसरल्यावर साहेब आले. नवे दगड बरेच वर रोवले.

“आता अगदी सेफ,” ते गावकऱ्यांना म्हणाले.

मी म्हटलं, “मग येत्या पावसाळ्यात तुमचा कॅम्प इथेच लावा. दगडाला लागून.”

“छे, छे! पावसाळ्यात स्टाफला इथं ठेवणं रिस्की आहे.”

माणसं उठली आणि टेकडीच्या माथ्यावर जागा बघायला गेली.

हल्ली मी पत्रकात विशेषणं कमी घालतो. सरकारवर विश्वास ठेवावा का, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगतो: शब्द देणारा स्वतः कुठे झोपतो, ते आधी बघून या.